हात धरणारा बेत्तिरी

माझा थोरला भाऊ बेत्तिरी लोकांचे हात धरून पोट भरायचा. बियारित्झच्या जुन्या बंदराजवळच्या किनाऱ्यावर ते कामच होतं. कोणे एके काळी आमच्या गावचे लोक देवमासे मारत. पुढे फ्रान्सच्या सम्राज्ञीने वाळूत राजवाडा बांधला, तिच्यामागून राजेरजवाडे आले, मोठमोठी हॉटेलं आली, जुगाराचे दिवाणखाने आले, आणि कोळ्यांची पोरं पॅरिसच्या बायकांना लाटांत डुंबवू लागली. पाठ समुद्राकडे, तोंड बाईंकडे, त्यांचे दोन्ही हात आपल्या हातात. लाट आली की त्यांना वर उचलायचं. काही झालं तरी हात सोडायचा नाही.

एका हिवाळ्यात होडी ओढताना दोरात सापडून दादाच्या उजव्या हातातली ताकद गेली. घरी त्याला पावसुद्धा मोडता येत नव्हता. हे फक्त मला आणि वहिनीला ठाऊक होतं.

"मार्तिनला सांगून टाक," मी म्हणायचे. मार्तिन या हात धरणाऱ्यांचा मुकादम.

"सांगितलं की कामाचा बिल्ला काढून घेईल. मग काय तुझ्याबरोबर टॉवेल वाळत घालू?"

सप्टेंबरातल्या एका रविवारी डोंगरातले आमचे बास्क लोक दरवर्षी समुद्रस्नानाला येतात. म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट एकमेकांची मनगटं धरून लांबलचक साखळी करतात आणि गात, किंचाळत पाण्यात शिरतात. त्या वर्षी समुद्र फुगला होता. पाहुणे छत्र्यांखालून नुसती मजा बघत होते. दादाच्या नेहमीच्या गिऱ्हाईक, पॅरिसच्या मादाम व्हर्निए मात्र हटून बसल्या.

"त्या म्हाताऱ्या जातात आणि मी नको? चला, बेत्तिरी!"

दादा जागचा हलेना.

"जा की रे," मार्तिन म्हणाला. "का बाई जड वाटतात?"

सगळे हसले. दादाने टोपी घट्ट केली आणि बाईंना घेऊन उतरला. मी त्यांच्या टॉवेलाचा बोळा छातीशी धरून उभी होते. समुद्रातल्या खडकावरच्या मरियामाउलीच्या मूर्तीला म्हटलं, त्याची लाज राहू दे. मग माझीच मला शरम वाटली. म्हटलं, माउली, आधी त्या बाईंना सांभाळ.

पहिली लाट गेली. दुसरीत बाईंचा डावा हात त्याच्या हातून निसटला. एका हाताला लोंबकळत त्या हसतच होत्या. त्यांना वाटलं, हाही खेळच. दादाच्या मागे तिसरी लाट उभी राहत होती, आणि ती मोठी होती.

तेव्हा तो आमच्या भाषेत गळा फाटेस्तोवर ओरडला, "माझ्या हातात जोर नाही! हिला धरा गं!"

साखळीच्या टोकाच्या दोन धनगरणींनी बाईंना मनगटाला धरून साखळीत ओढलं. लाट सगळ्यांवरून गेली.

डोकी वर आली. बाई खोकत होत्या, केस तोंडावर, आणि एक धनगरीण त्यांच्या पाठीवर थापट्या मारत म्हणत होती, "थुंक गं पोरी, थुंक!"

दादा बाहेर आला. मार्तिनला बास्क कळायचं. "कधीपासून?" त्याने विचारलं.

"हिवाळ्यापासून."

"आणि तू रोज माणसं नेत होतास?"

दादाने खाली बघून होय म्हणून मान हलवली आणि डाव्या हाताने बिल्ला सोडायला घेतला. ओल्या गाठीशी झटत राहिला. शेवटी मीच पुढे होऊन ती सोडवली.