दम घेऊ द्यावा

बालवाडीच्या सेविकांना मी पाच दिवस शिकवायला होते: लहान मुलाला दमा असेल तर काय करायचं. वय चोवीस, नुकतीच बी.एस्सी. झालेली. आमच्या विणकरांच्या गल्लीत कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. हे मी वर्गात पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. कोणी विचारलं नव्हतं.

घरी मीही ‘मले-तुले’च बोलायचे, पण वर्गात कोणाला बोलू देत नव्हते. शेवटच्या रांगेत माझ्या आईच्या वयाची एक सेविका बसायची. चौथी शिकलेली, रोज उमरेडहून एसटीने यायची. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, “मॅडम, लेकरू हापू लागलं त त्याले झोपवाचं का बसवाचं?”

“हापायला ते काय कुत्रं आहे?” मी म्हटलं. “आणि त्याले नाही, त्याला. नीट विचारा.”

सगळ्या हसल्या. तीही हसली आणि खाली बसली.

मग मी पुस्तकी भाषेत भरभर लिहून दिलं. मुलास आडवे करू नये, ताठ बसवावे. गळ्याशी कपडा सैल करावा. धुरापासून दूर न्यावे. दम लागल्यास दम घेऊ द्यावा. ओठ निळे दिसल्यास तत्काळ दवाखान्यात न्यावे. तिची पेन्सिल मागे पडत होती, ते मला दिसत होतं. शेजारीण तिला कोपराने ढोसत म्हणाली, “सुटलं असंन त विचार न वं.”

“नको वं माय. आता काय डुक्कर म्हणवून घेऊ?”

मी ऐकलं. वर्ग ताब्यात आला, असंच मला वाटलं.

दोन महिन्यांनी तिची बालवाडी तपासायला गेले. चार वर्षांची एक पोरगी भिंतीला टेकून ताठ बसली होती, फ्रॉकचं गळ्याचं बटण उघडं. छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. समोर सेविका बोट रोखून उभी.

“चूप! आवाज नाही पायजे! बंद करतं का पोलिसाले देऊ?”

पोरीने दोन्ही हातांनी तोंड दाबलेलं. श्वास आतल्या आत कोंडत होती, आणि तो आवरत नसला की रडवेली होऊन सेविकेकडे पाहत होती.

मी ओरडले. सेविका घाबरून वही घेऊन आली. “तुमीच त सांगतलं न मॅडम. मले बी समजलं नाही, लेकराले काहून रागवाचं. पण लिवलं हाय.”

बाकी सगळं बरोबर होतं. एका ओळीत मात्र लिहिलं होतं: दम लागल्यास दम द्यावा.

पोरीला दवाखान्यात नेलं. इंजेक्शन दिल्यावर ती सावरली. बाहेर बाकावर सेविकेने मला हळूच विचारलं, “माह्यं चुकलं का मॅडम?”

“तुमचंच चुकलं,” मी म्हटलं. “समजलं नाही तर विचारायचं असतं.”

ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली.

पुढच्या फेरीत मी पोरीच्या घरी गेले. आई मागावर बसली होती. पुन्हा त्रास झाला का, विचारलं.

“नाही न जी. लय शहाणी झाली आता. आवाज म्हणून करत नाही.”

“आहे कुठे ती?”

आईने हातातला धोटा न थांबवता मानेनेच सुताच्या गठ्ठ्यांकडे खूण केली. गठ्ठ्यांमागे, सगळ्या कापसाच्या धुळीत, पोरगी गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. दोन्ही हात तोंडावर. खांदे वर-खाली होत होते, आणि हातांच्या कडेने ओठ दिसत होते तेवढे निळे. मला पाहिल्यावर तिने जोरजोरात मान हलवली. नाही, मी आवाज नाही केला.

मी तिचं एकेक बोट सोडवायला लागले. सोडवलेलं बोट ती परत तोंडावर दाबत होती.