देवीची पाठवणी

आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला. निकाल कळला त्या दिवशी वडिलांनी कल्याणच्या बाजारातले आपले शिवणकामाचे दुकान दुपारीच बंद केले आणि आईने आळीभर साखर वाटली. पदवी घेतल्यावर पुढे काय करायचे असते, हे मात्र आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते. राणीच्या राज्यात नोकऱ्या होत्या, पण त्या कोणत्या दाराने मिळतात हे सांगणारे घरात कोणी नव्हते.

अशा वेळी ठाण्याहून माझ्या जुन्या हेडमास्तरांचा निरोप आला. स्कॉटलंडहून एक बाई आल्या होत्या. आजाऱ्यांच्या शुश्रूषेचे शिक्षण घेतलेल्या, आणि आपखुशीने, बिनपगारी काम करायला आलेल्या. त्यांना मराठी शिकवायला आणि दुभाषी म्हणून गावोगाव जायला माणूस हवा होता. पगार मलाही नव्हता. पण शिंप्याच्या मुलाला पुढच्या बाकावर बसवणाऱ्या त्या हेडमास्तरांना मी नाही कसे म्हणणार?

मी व्याकरणाचे पुस्तक घेऊन गेलो. बाई उंच, उन्हाने लालबुंद झालेल्या. पुस्तक पाहून हसल्या आणि इंग्रजीत म्हणाल्या, "आईला 'भिऊ नका' असे कसे म्हणायचे, ते आधी सांगा. बाकीचे मागाहून." पुस्तक पिशवीतच राहिले.

ठाण्याच्या सरकारी डॉक्टरांनी बाईंना एकच गाव दिले होते. दिवा गावाच्या बाजूला, खाडीकाठी, मिठागरांत राबणाऱ्यांचे गाव. तिथल्या मुलांना देवी टोचायच्या. काम पुढे चालले तर खाडीकाठची सगळी गावे बाईंची. नाहीतर त्यांनी आल्या बोटीने मायदेशी परत जावे. डॉक्टर तसे भले होते, पण परक्या बाईच्या हातून हे होईल यावर त्यांचा विश्वास नव्हता.

तेव्हा देवीची लस बाटलीतून येत नसे. एका मुलाच्या दंडावर टोचले की आठवड्याने तिथे फोड भरे, आणि त्या फोडातले पाणी घेऊन पुढच्या मुलांना टोचायचे. एका गावाने दुसऱ्या गावाला दिले तरच काम पुढे जाई. कोणी अडवले की सगळे तिथेच संपले.

पहिल्या दिवशी, दंडावर फोड भरलेले एक मूल आणि त्याची आई यांना ठाण्याहून बरोबर घेऊन आम्ही होडीने गेलो. देवीच्या शेंदूर फासलेल्या दगडापाशी बायका जमल्या होत्या. मी पाठ केलेले भाषण सुरू केले, "मातांनो, हा रोग सांसर्गिक असून..."

"ह्यो मास्तर पोथी वाचतो काय गो?" गावची पाटलीणबाई म्हणाली. वयाने सर्वांत मोठी, आणि तिच्यापुढे बोलण्याची गावात कोणाची छाती नव्हती. बायका हसू लागल्या.

मग बाई पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "भिऊ नका."

"आमी कंदी भ्यायलो? तूच भ्यायलीस. घाम बघ केवढा सुटलाय!"

मी ते इंग्रजीत सांगितल्यावर बाई सर्वांपेक्षा मोठ्याने हसल्या. पाटलीणबाईने तेवढ्यावरच आपल्या नातीला पुढे केले. तिच्या मागून बाकीची पोरे आली. रडारड झाली, गूळ वाटला, आणि आम्ही अगदी खुशीत परतलो.

आठवड्याने पुन्हा गेलो तो गाव चिडीचूप. घरांच्या दारांवर कडुलिंबाचे डहाळे. आतून फोडणीचा वास नाही. पाटलीणबाईची सून मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. दंडावरचा फोड मोत्यासारखा भरला होता. बाईंचे डोळे चमकले. खाडीपलीकडच्या गावाला आज टोचायचे ठरले होते, आणि फोड उद्यापर्यंतच कामाचा होता. बाईंनी हात पुढे केला, तशी सुनेने पदराने मुलीचा दंड झाकला.

"देवी आलीय आमच्या घरी. पाहुणी हाय. तिला अशी काढून देनार नय. रुसली म्हंजे?"

एकूण एक घरात हेच उत्तर. मी लशीबद्दल ऐकले-वाचले होते ते सारे सांगितले. सून नुसती मान हलवत राहिली. बाई ओसरीच्या कडेला बसल्या. इतका वेळ हसरा असलेला चेहरा उतरला होता. मग हळूच मला म्हणाल्या, "देवी रुसू नये म्हणून काय करायचे, ते त्यांनाच विचारा. मला माहीत नाही. तुम्हालाही नाही."

मी विचारले. पाटलीणबाई जणू त्याचीच वाट पाहत होती.

"लेक सासरी धाडताव तं ओटी भरून धाडताव ना रं मास्तर? आन न्यायला कोन येतं? मानसं येतात, बोलावनं घेऊन येतात. हितं न्यायला कोन आलंय? येक मडम न येक तू! तुमच्या संगं धाडू आमची देवी? पलीकडच्या बायकांना येऊ दे. मानानं नेऊ दे."

मी बाईंना हे सांगतो न सांगतो तोच त्या उठून होडीकडे निघाल्या.

पलीकडच्या गावात आम्ही बोलावणे मागितले तेव्हा तिथल्या बायका कमरेवर हात देऊन उभ्या राहिल्या. "त्यांचं मीठ मोठं, आता त्यांची देवी बी मोठी?" एक म्हणाली. "आमी जायाचं हात जोडायला?" बाईंनी माझ्याकडे पाहिले नाही. जुळवलेल्या, तुटक मराठीत त्या म्हणाल्या, "देवी येते. घर रिकामे. कोण आणणार?" मग एक लेकुरवाळी म्हणाली, "चला गो, देवीला नाय म्हनतात काय?" आणि पाहता पाहता खण निघाले, नारळ निघाले, कोणी केसांत फुले माळली. भरतीच्या पाण्यावर दोन होड्या गाणी म्हणत निघाल्या. तसली मिरवणूक मी कल्याणच्या बाजारातही पाहिली नव्हती.

पाटलीणबाई धक्क्यावर उभी होती. टोमण्याला टोमणे झाले, मग गळाभेटी झाल्या. मुलीच्या ओटीत तांदूळ, खण, नारळ पडले. पाटलीणबाईने बाईंनाही पाटावर बसवले.

"लगीन झालंय का गो हिचं?"

"नाही," मी म्हणालो.

"मंग ही आमचीच लेक," असे म्हणून तिने बाईंची ओटी भरली. बाईंना झगा कसा पसरावा ते कळेना. बायकांनीच तो पसरून धरला.

सून मुलीला घेऊन होडीत बसली आणि संध्याकाळच्या आत पलीकडच्या गावातली पोरे टोचून झाली. पुढच्या आठवड्यात त्या गावातून तिसऱ्या गावाने देवी नेली. मग न बोलावताच गावे येऊ लागली. डॉक्टर स्वतः एकदा पाहायला आले आणि त्यांनाही एक नारळ मिळाला.

हंगाम सरता सरता खाडीकाठची गावे होत आली, तेव्हा डॉक्टरांनी चिठ्ठी पाठवून बाईंना विचारले, मायदेशी जायला बोटीची जागा केव्हाची सांगू? चिठ्ठी आली तेव्हा आम्ही पाटलीणबाईच्या गावात होतो. मी प्रश्न पाटलीणबाईला सांगितला. ती ओसरीवरूनच म्हणाली, "हिला न्यायला कोन आलंय? बोलावनं कुटं हाय? तवर लेक जायाची नय!"

बाईंना ते सांगायची गरज पडली नाही. त्यांना समजले होते. ठाण्याला परतल्यावर त्यांनी डॉक्टरांना स्वच्छ मराठीत सांगितले, "अजून न्यायला कोणी आलेले नाही."

डॉक्टर हसले आणि त्यांनी पुढच्या हंगामाची गावे आम्हाला नेमून दिली.