इच्छेचा पंचनामा

शहापूर आणि मुरबाड, या दोन तालुक्यांत माझ्याएवढा कागदातला माणूस शोधून सापडायचा नाही! सातवी शिकलोय. तीही दोनदा. पहिल्यांदा नापास झालो म्हणून दुसऱ्यांदा बसलो, आणि दुसऱ्यांदाही झालो म्हणून घरी बसलो. पण एवढ्या शिदोरीवर मी आमच्या पाड्यातली मुलगी थेट इंग्लंडला शिकायला धाडली. आता खरं सांगायचं तर माझ्यामुळे ती जायची राहिलीच होती. पण चहा निवतोय, तो आधी घ्या. मग माझा गाढवपणा ऐका. हसायचं असेल तर खुशाल हसा, मी काय पळून जातोय?

मुलगी म्हणजे माझी पुतणी, सुलू. थोरला भाऊ भातसानगरला धरणावर नोकरीला होता. पोरगी तिथल्या शाळेत शिकली, पुढं कल्याणला कॉलेज केलं, आणि एक दिवस घरी येऊन म्हणाली, "मला आंतरराष्ट्रीय अभ्यास शिकायला परदेशात जायचंय."

"म्हंजे काय गो?"

"देशादेशांत भांडणं का होतात, ती मिटवायची कशी, ते शिकायचं."

"त्याला परदेश कशाला? आपल्या बांधावर बस. दोन पावसाळ्यांत प्रोफेसर होशील."

वहिनी, म्हणजे सुलूची आई, चुलीपुढून म्हणाली, "भावजी, तुमी गप बसा. पोरीच्या नशिबाला आडवं येऊ नका!"

त्या विद्यापीठाची अट अशी, की तुम्हाला हेच का शिकायचंय ते दोन पानांत लिहून पाठवा. ते पसंत पडलं तर फी माफ. नाही पडलं तर? तर भावानं सांगून ठेवलं होतं, मार्गशीर्षात स्थळं बघायची. म्हणजे ती दोन पानं नव्हती हो, पोरीचा जीव होता तो कागदावर! आठ दिवस खपून तिनं ती इंग्रजीत लिहिली, भातसानगरला एका साहेबांच्या कॉम्प्युटरवर छापून आणली.

मी म्हटलं, "मराठीत वाचून दाव."

तिनं वाचलं. जागतिक शांतता, मानवी मूल्यं, एकविसाव्या शतकातली आव्हानं. ऐकताना मला दोनदा जांभई आली. तिसरी मी दाबली.

"छान आहे. जोडपत्रं कुठायत?"

"कसली जोडपत्रं?"

आता इथं माझी विद्या सांगायला पाहिजे. मी जन्मभर तहसील कचेरीच्या ओट्यावर लोकांचे अर्ज लिहिलेत. शिधापत्रिका, वारसनोंद, वीज पडून मेलेली म्हैस. नुसतं 'माझी म्हैस मेली' असं लिहिलं तर साहेब मानतो का? अर्ज परत! पंचनामा जोडा म्हणतो. पाच माणसांनी सह्या करून सांगितलं, की होय, आम्ही समक्ष बघितली, तेव्हा कुठं ती म्हैस सरकारात मरते. मग 'मला शिकायची इच्छा आहे' एवढ्यावर सातासमुद्रापलीकडचा साहेब कसा विश्वास ठेवील? तुम्हीच सांगा!

"काका," सुलू म्हणाली, "इच्छेचा पंचनामा नसतो."

"कोणी केला नाय म्हणून नसतो."

"माझी शपथ हाय, काय जोडू नका. मला उद्या कल्याणला गुणपत्रिकेसाठी जायचंय. तुमी फक्त एवढं पाकीट शहापूरला रजिस्टर करा. पोस्टात वजन झालं की मगच चिकटवा."

मी मान हलवली. त्या काळी अर्जांच्या जोडीला मी भाजी घेऊन दादरला जायचो. आसनगाव ते मुंबई असा रेल्वेचा पास होता माझ्याकडं, आणि तो मी वरच्या खिशात, अर्धा बाहेर दिसेल असा ठेवायचो. लग्नातसुद्धा. खिशावर थोपटून म्हटलं, "पासवाला माणूस हाय मी. काळजी करू नको."

पाकीट हातात, तोंड उघडं, आणि शेवटच्या तारखेला चार दिवस जास्तीचे. माझ्यासारख्या माणसाच्या हातात कोणी उघडं पाकीट देतं का हो? चूक कोणाची?

बसलो लिहायला. "आम्ही खालील सह्या करणारे पंच, समक्ष हजर राहून लिहून देतो की, सदर मुलीच्या ठिकाणी परदेशी शिकण्याची इच्छा दिसून आली. इच्छा चालू स्थितीत आहे. इच्छेची चतुःसीमा येणेप्रमाणे. पूर्वेस आईचे रडणे, पश्चिमेस भातसानगर, उत्तरेस बापाचा मुका होकार, दक्षिणेस मुरबाड तालुका."

वाचून माझं मलाच भरून आलं. आमच्या पाड्यातल्या तिघांनी न वाचता सह्या ठोकल्या. त्यातले दोन अंगठे. राहिले दोन पंच. आणि तिथं माझ्या डोक्यात किडा वळवळला. सगळे पंच आपल्याच गावचे, मग हा पंचनामा आंतरराष्ट्रीय कसा? हद्दीपलीकडचे पंच पाहिजेत!

आमची हद्द म्हणजे एक वहाळ, ओढाच म्हणा. अलीकडं आम्ही शहापूरवाले, पलीकडं मुरबाडवाले. आणि पलीकडं जाऊन तेरा वर्षं झाली होती.

का? तर हद्दीवर आमचा वाघोबा. दगडाचा, गुडघ्याएवढा. तोंड सिद्धगडाकडं, म्हणजे रानातून येणाऱ्या वाघावर नजर, आणि दोन्ही गावं त्याच्या पाठीशी सुखी. दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला दोन्ही गावं मिळून त्याला नारळ फोडायची, खीर करायची. एका वाघबारशीला पंगती उठल्यावर बघतात तर काय, वाघोबा फिरलेला! तोंड आमच्याकडं, शेपूट मुरबाडकडं. ते म्हणाले, शहापूरवाल्यांनी देव चोरला. आम्ही म्हणालो, तुमचं पाप बघून देवानंच पाठ फिरवली. झालं! येणं-जाणं बंद, लावणीला माणसं देणं बंद, सोयरिकी बंद. वाघोबाला कोणी हात लावीना. वहिनीचं माहेर पलीकडंच, तिचा भाऊ बाळामामा तिथला मोठा माणूस. बहीण-भावानं तेरा वर्षं एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. वहाळात पाणी घोट्याएवढं, बरं का!

ये-जा करायची ती एकटी सुलू. पोराला कोण अडवतंय? दुसरीत होती तेव्हापासून दर रविवारी ती निरोप घेऊन जायची आणि निरोप घेऊन यायची.

तर मी वहाळ ओलांडला. बाळामामा ओटीवर सुंभ वळत बसला होता. त्यानं मान वर केली.

"कोण? गोंद्या? रस्ता चुकलास काय रे?"

"पोरीचं काम हाय, पाव्हणं. तुमच्या भाचीचं. सही पाहिजे."

भाचीचं नाव निघालं आणि त्यानं घोंगडी पुढं सरकवली. शेजारच्या म्हाताऱ्यालाही बोलावलं. मी पंचनामा वाचला. बाळामामानं पुन्हा वाचायला लावला. मग म्हणाला, "इच्छा दिसून आली, बरोबर. पण कारण कुठाय?"

"कसलं कारण?"

"साप चावल्याच्या पंचनाम्यात नुसतं 'साप चावला' लिवतात का रे? कुठं चावला, पाय कशाला घातला, सगळं लिवतात. पोरीला भांडणं मिटवायची इच्छा झाली कशानं?"

आता कायद्याचं बोलला, मी काय करू? लिहिलं, "सदर मुलगी लहानपणापासून दोन गावांत निरोप पोचवीत असे."

"हां," बाळामामा म्हणाला. "लई गुणी पोर. आणि आमची ताईपण मायाळू. दर रविवारी विचारायची, दादाचा गुडघा कसा हाय?"

माझं पेन थांबलं. कारण वहिनीचा निरोप दर रविवारी माझ्या कानावर असायचा. ती म्हणायची, "सांग त्याला, मेले तरी तुझ्या दारात यायची नाय!" गुडघ्याचं नाव नव्हतं त्यात!

"आणि तुमी काय सांगून पाठवायचा?" मी विचारलं.

तो जरा लाजला. "रागात होतो रे. म्हटलं, त्या गावचं पाणी पिणार नाय."

"पाणी? अवो, आमच्या घरी निरोप यायचा, मामानं विचारलंय, ताई पोटभर जेवते का?"

तेरा वर्षं! एवढीशी पोर शिव्या घेऊन वहाळात उतरायची आणि पलीकडं माया घेऊन चढायची. कोणाला पत्ता नाही. बाळामामानं सुंभ खाली ठेवला, आणि उपरण्यानं नाक पुसत म्हणाला, "हे लिव. सगळं लिव."

लिहिलं. मग शेजारचा म्हातारा बोलला. काही माणसं वेळेवर गप बसतच नाहीत. म्हणाला, "निरोप पोचवायला लागले, कारण वाघोबा फिरला. तो कोणी फिरवला, ते लिव. नायतर मी अंगठा देत नाय."

"ते कोणाला ठावं?" मी म्हटलं.

"मग लिव, शहापूरवाल्यांनी."

"ते लिवलं तर आमचे तिघं सह्या खोडतील."

"मग फाड कागद."

काय सांगू तुम्हाला! एकीकडं माझी कातडी, एकीकडं पोरीची इच्छा, आणि तीही चतुःसीमेसकट. शेवटी डोळे मिटले आणि लिहिलं, "सदर वाघोबा लिहिणाऱ्याने पहारीने फिरविला. उद्देश: गंमत."

होय, मीच! लोक खिरीत गुंतलेले, पहार हाताशी, आणि वाटलं, बघू तर काय होतं. जगातली मोठमोठी भांडणंसुद्धा अशीच कोणाच्या तरी रिकाम्या हातानं झाली असणार.

बाळामामा उठला. पहार शोधत असावा. मी म्हटलं, "मारा, पण आधी सही करा!"

सही झाली. अंगठा झाला. मग मी पळालो. त्या दिवशी मी वहाळ ओलांडला तो पाण्याला पाय न लावता. तसाच शहापूरला जाऊन पाकीट रजिस्टर केलं.

दुसऱ्या दिवशी बाळामामा तेरा वर्षांनी वहिनीच्या दारात उभा. बहीण-भाऊ रडले, आणि रडून झाल्यावर दोघांना माझी आठवण झाली. वहिनीनं हातातलं मुसळ खाली ठेवलं नव्हतं, एवढंच सांगतो. दोन्ही गावं एक झाली, माझ्याविरुद्ध! ठराव झाला, ज्यानं फिरवला त्यानंच सरळ करायचा, एकट्यानं. जवानीत घटकाभरात फिरवलेला देव सरळ करायला मला सकाळची दुपार झाली. अख्खी दोन गावं दगडावर बसून शेंगा खात बघत होती. "जरा डावीकडं रे गोंद्या!"

पण सुलू हसली नाही. कल्याणहून आली, सगळं कळलं, तशी पांढरी पडली.

"काका, पाकिटात घातलंत?"

"पाच पंचांचा हाय गो, पक्का."

"तिथं मराठी कोण वाचणार? अंगठे बघून कचऱ्यात टाकतील. मी शपथ घातली होती तुमाला!"

एवढंच. मग दीड महिना माझ्याशी बोलली नाही. माझ्या ताटात भाकरी टाकायची, पण शब्द नाही. मी खूप गमती केल्यात, पण त्या दीड महिन्यात मला एकही सुचली नाही.

मग पत्र आलं. अमुक दिवशी संध्याकाळी फोनवर मुलाखत. सुलूनं शेणव्याच्या टेलिफोन बूथचा नंबर दिला होता. बूथला काच होती आणि काचेबाहेर पाचही पंच, वहिनी, आणि सगळ्यांच्या मागं मी.

फोन वाजला. सुलू इंग्रजीत बोलायला लागली. जरा वेळानं ती लालेलाल झाली, आणि तिनं काचेतून माझ्याकडं बघितलं. मी ओळखलं, पंचनामा निघाला! वहिनी पुटपुटली, "भावजी, पोरीचं वाटोळं झालं तर मी वाघोबापुढं तुमाला बळी देईन."

पण सुलू बोलत राहिली. हात हलवून, वहाळाच्या या काठाकडून त्या काठाकडं. मध्येच काहीतरी बोलली, आणि फोनमधून असं मोठं हसू आलं, की काचेबाहेर ऐकू आलं. साहेब हसतोय, थांबतोय, पुन्हा हसतोय. तिघं अंगठेवाले पंचही हसायला लागले, कशाला ते त्यांना ठाऊक नाही.

महिन्यानं पत्र आलं. प्रवेश पक्का, फी पूर्ण माफ! तिथल्या ग्रंथालयात म्हणे एक पुण्याकडच्या बाई होत्या. त्यांनी पंचनामा वाचून दिला. साहेबांनी पत्रात लिहिलं होतं, की दोन पानं चांगली आहेत, पण तशी पुष्कळांची असतात. पाच पंचांनी पाहिलेली इच्छा आम्हाला पहिल्यांदाच मिळाली.

त्या दिवशी मी दोन्ही तालुक्यांत पेढे वाटले. वाघोबाच्या तोंडालाही एक लावला. जो भेटेल त्याला सांगत सुटलो, "दोन पानांनी काय झालं नाय, माझ्या कागदानं झालं!"

निघायच्या दिवशी जीपला दोन्ही गावं जमली. वहिनी आणि बाळामामा एकाच पदरानं डोळे पुसत होते. मी पास असलेला खिसा पुढं काढून जीपच्या खिडकीशी गेलो.

"सुले, बघ. मी वाघ फिरवला नसता तर तू निरोप पोचवले असतेस का? निरोप पोचवले नसतेस तर इंग्लंड दिसलं असतं का? बोल आता!"

"नाय, काका. खरंय."

"मग एक सांग. फोनवर तो साहेब एवढा हसला कशाला?"

सुलूनं पिशवी मांडीवर नीट घेतली. जीप सुरू झाली होती.

"त्यांनी इचारलं, शिकायचं तर मुंबईतपण शिकता येतं, मग एवढ्या लांब कशाला यायचं? मी म्हटलं, सर, पंचनामा लिहिणाऱ्याची सही बघा. तो इसम अजून धडधाकट हाय, आणि त्याच्याकडं मुंबईपर्यंतचा पास हाय."