सदाफुलीचा काढा आणि नाना वैद्यांचं नाव

ही हकिगत मी आजवर टाळली. कुणी विचारलं तर बायको बरी झाली, एवढंच सांगत आलो.

बांगलादेशच्या लढाईनंतरच्या उन्हाळ्यात धुळ्याच्या डॉक्टरांनी सुमनचं, माझ्या बायकोचं, निदान सांगितलं. हॉजकिन्स डिसीज, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर. तिच्या मानेतली गाठ मी तीन महिने गंडमाळ समजत होतो.

"नवीन इंजेक्शन आलंय, व्हिनब्लास्टिन," डॉक्टर म्हणाले. "तुमच्या अंगणातल्या सदाफुलीपासूनच काढतात."

दर आठवड्याला पिंपळनेरहून एसटीने धुळे. चार इंजेक्शनांत गाठ निम्मी झाली. पण परतताना सुमन साक्रीपर्यंत ओकत असे. मी शाळामास्तर. मला वाटलं, मूळ झाड दारात असताना हे हाल कशाला?

शेजारच्या नाना वैद्यांना काढ्याचं प्रमाण विचारलं. ते खेकसले, "मास्तर, ते ईख शे. पोरीले सुईच दे."

ईख म्हणजे विष. तरी पाचव्या आठवड्याला मी धुळ्याला गेलो नाही. पानं उकळली. सुमन पेला हातात घेईना, तेव्हा म्हणालो, "नानांनीच सांगितलंय." मग ती प्यायली.

सहाव्या दिवशी ती तापाने फणफणली. धुळ्याला रक्त तपासलं. व्हाइट सेल्स, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, फार उतरल्या होत्या.

"काय दिलं हिला?"

"गावच्या वैद्यांचा काढा," मी म्हणालो.

"झाड तेच हो. पण पातेल्यात विष किती उतरलं, ते कुणी मोजलं? आम्ही रक्त बघून मात्रा ठरवतो."

अकरा दिवस वॉर्डाबाहेरच्या बाकावर काढले. बाराव्या दिवशी तिने कळण्याची भाकरी मागितली. मी तिथेच रडलो. पुढे इंजेक्शनं पूर्ण झाली, गाठ पुन्हा आली नाही. आज ती नातसुनेला स्वयंपाकावरून टोमणे मारते.

तुमच्यावर ही वेळ आली, तर पोटात काय गेलं ते डॉक्टरांना खरं सांगा. कुणी दिलं, तेही.

वॉर्डातलं माझं बोलणं गावात पोचलं. नानांकडे माणसं जाईनाशी झाली. एकदा ते सुमनला बघायला आले, तेव्हा ती म्हणाली, "नाना, तुम्ही तर मला मारलंच होतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग तिला म्हणाले, "चुकनं, माय." म्हणजे, माझं चुकलं.

परवा सुमनला सगळं सांगितलं. तिने वही आणून माझ्यापुढे ठेवली. मग म्हणाली, "लिहून काढा." छातीवरचं ओझं थोडं उतरलं.

नाना होते तोवर मी कितीदा तरी त्यांच्या ओट्यावर गेलो. तोंड उघडायचो आणि पोट बिघडलंय म्हणायचो. ते काही न विचारता पुडी बांधून द्यायचे.

माझ्या पोटाला कधीच काही झालेलं नव्हतं.