निघोजला निघालेलं बिऱ्हाड

शिफ्ट संपली की लेथखाली लोखंडाचा कीस साचलेला असतो. तो कुणी मुद्दाम साठवत नाही. किश्शांचंही तसंच आहे, राव! पिंपरीच्या कारखान्यात आम्ही नवे नवे लागलो तेव्हाचे हे किस्से. बाकीचे झाडले गेले, निघोजच्या सहलीचे तेवढे राहिले.

* * *

चऱ्होलीचा भिकोबा आमच्या मशीन शॉपमध्ये होता. त्याच्या मेव्हण्यानं लष्कराच्या लिलावातून एक जुनी लॉरी घेतली होती. कुकडी नदीनं काळा खडक कापून निघोजला केवढी घळ आणि कुंडं केलीत, हे भिकोबा रोज जेवणाच्या सुट्टीत सांगायचा. शेवटी आमचा फिटर सावंत वैतागून म्हणाला, "नुसतं सांगतोस काय? चल, जाऊया!"

राहायचं कुठं? भिकोबानं मेव्हण्याची लॉरी मागून आणली आणि सावंतानं तिच्यातच घर केलं. खाटा बोल्टनं पक्क्या केल्या, फळ्या ठोकल्या, मागच्या कोपऱ्यात पत्र्याची मोरीसुद्धा काढली!

फोरमननं विचारलं, "काय रे, हा ट्रक आहे की बिऱ्हाड?"

"बिऱ्हाडच, साहेब," सावंत म्हणाला. "मालक घर खाली करा म्हणाला, की हँडल मारून निघायचं!"

* * *

वाट खडतर, म्हणून बायकांना न्यायचं नाही असं आम्ही पुरुषांनी ठरवलं. निघायच्या सकाळी लॉरीचं दार उघडलं, तर आत माझी बायको मालती आणि भिकोबाची सरूबाई खाटेवर बसलेल्या! शेजारी स्टोव्ह, पिठाचा डबा, पाटा-वरवंटा.

मी म्हणालो, "अगं, उतर खाली."

मालती शांतपणे म्हणाली, "खाट बोल्टनं पक्की केलीय ना? मग तिच्यावर बसलेल्याही पक्क्याच!"

भिकोबानं निमूटपणे हँडल मारलं.

* * *

चाकणला रेडिएटर उकळला. बंद गाडी, आत खाटा, त्यात सावंताचा खाकी शर्ट. आम्हाला सरकारी लस टोचणारे समजून पोरं ओरडत पळाली, "टोचणीवाले आले!" भराभर दारं लागली.

एक म्हातारी मात्र काठी टेकत आली, दंडावरची चोळी वर सरकवून लॉरीच्या पायरीवर बसली. "मला टोचा. गुडघा लई दुखतोय."

आम्ही परोपरीनं समजावलं, पण ती हलायला तयार नाही. शेवटी मालतीनं खोबरेल गरम करून तिचा गुडघा चांगला चोळून दिला.

म्हातारी उठली, दोन पावलं टाकली आणि गावाकडं तोंड करून ओरडली, "या गं समद्या! सरकार सुधारलं!"

* * *

शिक्रापूरच्या पुढं फॅनबेल्ट तुटला. आसपास गॅरेज सोडाच, झाडही नव्हतं. मी म्हणालो, "बैलगाडीला बांधून परत जाऊ."

भिकोबा म्हणाला, "मागं न्हाई जायाचं. लॉरी न्हाई गेली तर आमी चालत जाऊ, पर कुंड बघूनच येऊ!"

सावंतानं एकदा इंजिनाकडं पाहिलं, एकदा आकाशाकडं पाहिलं आणि कमरेचा चामडी पट्टा काढला. तारेनं शिवून तो पंख्यावर चढवला. गाडी हळूहळू, पण चालली!

उरलेली सगळी सहल सावंतानं एका हातानं केली. दुसऱ्या हातात विजार होती.

* * *

निघोजला नदीकाठी लॉरी लावली. मालतीनं पिठलं टाकलं. गावचे एक गृहस्थ आले, खाटा पाहिल्या, मोरी पाहिली आणि हळू आवाजात मला विचारलं, "घरदार घेऊन निघालात. गावात काय झालं हो?"

"काही नाही. खडक बघायला आलोय."

"एवढ्या लांबनं? दगड बघाया?" त्यांनी शिवाराकडं बोट केलं. "मग माझ्या शेतात या की! न्या, किती न्यायचेत तेवढे!"

* * *

सकाळी आम्ही घळीच्या काठावर उभे होतो. खाली काळ्या खडकात रांजणासारखे खोल खड्डे, आणि त्यांतून घुसळत, गरजत जाणारं पाणी. शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नव्हतं.

भिकोबा वरच्या अंगानं फिरून पलीकडच्या काठावर पोचला. तिथून हातवारे करून आम्हाला खडक दाखवू लागला, आणि दाखवता दाखवता मागं मागं सरकू लागला. त्याच्या पाठीशी एक भलामोठा रांजण होता, पाण्यानं उकळणारा. त्याला तो दिसत नव्हता, आम्हाला दिसत होता. सावंतानं हात हलवला, भिकोबानं उलट हसून हात हलवला! आणखी एक पाऊल मागं.

सरूबाई ओरडली, "अवंऽऽ!"

मी वळलो. सावंत तर बिनलग्नाचा, तोही वळला. भिकोबा तेवढा वळला नाही.

सरूबाईनं लग्न झाल्यापासून नवऱ्याचं नाव कधी उच्चारलं नव्हतं. चारचौघांत नाही, एकांतातही नाही. तिनं डोक्यावरचा पदर सोडला, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि बेंबीच्या देठापासून हाक मारली,

"भिकोबाऽऽऽ!"

घळीनं ते नाव उचललं आणि या काठावरून त्या काठावर फेकलं. भिकोबा जागच्या जागी थिजला. मग मान वळवून त्यानं मागं बघितलं.

फिरून अलीकडं यायला त्याला बराच वेळ लागला. सरूबाई पदर सावरून खाली मान घालून बसली होती. तो तिच्यासमोर उकिडवा बसला. चेहरा पांढराफटक.

"परत एकदा म्हन की," तो म्हणाला.