चौथ्या खणातला नग

आमचे मामा वजनमापे कार्यालयात भांडारपाल होते. शहरातल्या दुकानदारांची मापं ज्या अस्सल मापांशी ताडून बघतात, ती त्यांच्या कपाटात असत. पहिल्या खणात किलो, दुसऱ्यात मीटर, तिसऱ्यात लिटर. चौथ्या खणात एक मखमली पेटी, आणि यादीत तिच्यासमोर लिहिलेलं: 'योग्य, नग एक.' पेटी रिकामी होती. मामा सत्तावीस वर्षं दर सोमवारी ती पुसत आणि वहीत 'तपासले, ठीक' असा शेरा मारत. आम्ही भाचरं त्यांची यथेच्छ टिंगल करायचो. ते चिडत नसत, याचाच मला जास्त राग यायचा.

मग तपासणीला एक साहेब आले. त्यांनी पेटी तोलली, आत मोजपट्टी घातली, बोट फिरवलं, चक्क वासही घेतला.

"नग कुठाय?"

"आहे की," मामा म्हणाले.

"दिसत नाही."

"तो दिसायचा नाहीच, साहेब."

"बरं, तो ठेवायचा आदेश कुणाचा?"

दोन दिवस फायली धुंडाळल्या. आदेश काही सापडला नाही.

शेवटी साहेबांनीच तोडगा काढला. आधीच्या भांडारपालांनी नग चोरला, असं मामांनी लिहून द्यायचं. ते गृहस्थ कधीच वारले होते, मागे ना मूल ना बाळ. मामांनी सही केली नाही, तर चोरी त्यांच्या नावावर आणि नोकरीवर पाणी. मी तिथे असतो तर मामांचा हात धरून सही करवली असती, खोटं कशाला बोलू.

"ते चोर नव्हते," मामा म्हणाले.

"त्यांना आता काय फरक पडतो? कुणाला कळणारही नाही. मोठ्या साहेबांचा होकार आहे."

"तरी चूकच."

"देवाला भिता होय?"

"देव स्वतः येऊन सही कर म्हणाला, तरी चूकच. किलो माणसांनी ठरवलाय, उद्या बदलतीलही. हे कुणी ठरवलेलं नाही."

साहेबांचं डोकं फिरलं. "मग तुमचंच नाव घालतो."

"घाला. तेही चूकच आहे, पण ते तुमच्याकडे."

साहेबांनी दार लावलं, पडदा ओढला, कपाटामागे वाकून पाहिलं. पेन उघडलं आणि तसेच बसून राहिले.

"कोण आहे इथे?" त्यांनी हळूच विचारलं.

"कुणी नाही, साहेब."

"नक्की?"

"सत्तावीस वर्षं बघतोय मी."

पाऊण तासाने साहेबांनी शेरा मारला: 'नग एक, जागेवर.' आणि चहा न घेता निघून गेले.

मामा घरी आले ते तोंड पाडून. नोकरी वाचल्याचं ऐकून मामीचा जीव भांड्यात पडला, तर हे जेवायलाच बसेनात.

"आता काय झालं?" मामीने विचारलं.

"अगं, मी सुटलो," मामा म्हणाले. "पण त्या माणसाने आजवर किती कागदांवर सह्या केल्या असतील. आता एकेक आठवत बसेल बिचारा."