ह्यांचं पाणी

नवऱ्याने अंगणात स्विमिंग पूल मांडायचं ठरवलं तेव्हा मी आधी हसले, मग भांडले आणि मग अबोला धरला. जयपूरसारख्या गावात नळाला सकाळी तासभर पाणी येतं, त्या तासात आम्ही बायका दात घासायच्या आधी मोटर लावतो, आणि हा माणूस अंगणात पोहण्याचा हौद उभारणार! वय चौसष्ट. बरं, पोहता तरी येत होतं का? तेही नाही. "लोक काय म्हणतील?" म्हटलं, तर म्हणाले, "लोकांचे गुडघे दुखून राहिले का?"

गुडघ्यांचंच निमित्त होतं. ह्यांची सगळी नोकरी रेल्वेत, रुळांच्या देखभालीवर. नागपूरहून बदली होऊन आलो, खातीपुऱ्यात घर बांधलं आणि इथलेच होऊन गेलो. आयुष्यभर खडीवरून चालून चालून गुडघ्यांची पार वाट लागली होती. डॉक्टर म्हणाले, पाण्यात चालत जा, पाण्यात अंगाचं वजन उतरतं. क्लबच्या स्विमिंग पूलमध्ये पोराटोरांसमोर उतरायची ह्यांना लाज. म्हणून मुलीला फोनवर विचारून विचारून सगळ्यात स्वस्तातला हौद मागवला. दोन खोकी आली. एकात निळ्या जाड प्लास्टिकची भलीमोठी गुंडाळी, दुसऱ्यात लोखंडी नळ्या, प्लास्टिकची शिडी आणि एक पिटुकला पंप. मला वाटलं दुपारपर्यंत उभा होईल.

कसला उभा होतो! आठ दिवस नुसती जमीन सपाट करण्यात गेले. रूळ बघायची नजर ती. उकिडवं बसता येईना, तर हे सरळ अंगणात पालथे पडायचे, गाल मातीला लावून, एक डोळा मिटून. शेजारीण एकदा कुंपणाशी धावत आली, "भाभीजी, भाईसाहब गिर गए!" भाईसाहब पडलेले नव्हते, ढाळ बघत होते. जमीन बोटभर जरी कलली तरी पाणी त्या बाजूला रेटतं आणि नळ्या वाकतात, असं त्यांचं म्हणणं. खडा न् खडा वेचला, वाळू चाळून पसरली, त्यावर माझ्या दोन जुन्या गोधड्या न विचारता अंथरल्या. मग टँकर आला. पाणी निळ्या भिंतीवर गोल सगळीकडून सारखं चढत गेलं. हे काठाशी उभे राहून बघत होते आणि चेहऱ्यावर असा आनंद की मला माझा अबोला सोडावा लागला.

हौद स्वस्त, पण त्याचे लाड एखाद्या जावयासारखे. रोज सकाळी जाळीने कडुलिंबाची पानं काढायची. आंधी आली की तळाशी मातीचा थर, तो ब्रशने लोटायचा. पंपातला फिल्टर चार दिवसांनी धुवायचा. क्लोरीनच्या गोळ्या एका तरंगत्या डबीत घालायच्या आणि कागदाची पट्टी बुडवून रंग बघायचा. आयुष्यात वरणात मीठ कमी की जास्त हे ह्या माणसाला कधी कळलं नाही, पण पाण्यात क्लोरीन किती ते नुसत्या वासावर सांगायचे. मी म्हणायची, एवढी निगा माझी ठेवली असती तर! त्यावर हसायचे.

दुपारचे साडेचार वाजले की हाफ पँट आणि बनियन घालून आत. कमरेइतक्या पाण्यात गोल गोल फेऱ्या. आधी एका बाजूने, मग उलट फिरून. उलट फिरलं की आपणच फिरवलेलं पाणी आपल्याला मागे ढकलतं, त्यातच खरा व्यायाम, असं सांगायचे. बाहेर आले तरी पाणी कितीतरी वेळ फिरत राहायचं आणि एखादं पान त्याच्याबरोबर. चहा पिता पिता रोज विचारायचे, "अगं, एकदा ये ना आत. थंड वाटतं." माझं रोज एक नवं कारण. दोन उन्हाळे त्यांनी विचारलं आणि दोन उन्हाळे मी टाळलं.

दुसऱ्या उन्हाळ्यात, मे महिन्यात, मी एक दिवस टिळक नगरला मैत्रिणीच्या सुनेच्या डोहाळजेवणाला गेले. सकाळी नऊला निघाले. एकच्या सुमारास शेजारणीचा फोन आला. हे हौदाजवळच्या फरशीवर पडलेले तिला दिसले होते. ह्या वेळी खरोखर पडलेले. मी दवाखान्यात पोचले तोवर संपलं होतं. कपडे ओले होते, त्यामुळे त्या दिवशी वेळेआधीच पाण्यात चालून नुकतेच बाहेर आले असणार असं सगळ्यांनी धरलं. डॉक्टरांनी मला विचारलं, उन्हात काही जड काम केलं होतं का? मी ठामपणे सांगितलं, छे हो, घरीच तर होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेलं. स्मशानातून मंडळी परत आली तेव्हा नळ केव्हाच गेलेला, गच्चीवरची टाकी पाहुण्यांनी रिकामी केलेली. घरी जाण्याआधी अंगावर पाणी तर घ्यायलाच हवं. कोणीतरी हौदावरची ताडपत्री सारली आणि बादली बुडवली. मग दुसरी. मी खिडकीतून बघत होते. वीस-पंचवीस पुरुष माझ्या नवऱ्याच्या पाण्याने त्याच्याच सुतकाची अंघोळ करत होते. मी ओरडत बाहेर धावले, "ठेवा ती बादली! ते ह्यांचं पाणी आहे!" बायकांनी मला धरून आत नेलं. दुःखाने डोकं फिरलंय म्हणाल्या. असेलही. पण तोवर अर्धा हौद गटारात गेला होता.

उरलेला अर्धा मी राखला. ह्यांचं अंग ज्याला शेवटचं लागलं ते पाणी, दुसरं काय होतं माझ्याकडे? पण पाणी राखणं म्हणजे शाल राखणं नव्हे. पंपाचं तोंड उघडं पडलं, म्हणून पंप बंद करावा लागला. पंप बंद म्हणजे फिल्टर बंद. नवं पाणी घालून पातळी वाढवली असती तर पंप चालला असता, पाणी स्वच्छ राहिलं असतं. पण मग त्यात ह्यांचं किती आणि टँकरचं किती? आणि घातलं नाही तर जयपूरचं ऊन ताडपत्रीखालूनही रोज थोडं थोडं पिऊन जात होतं, उरलेलं हिरवं होत होतं. मी एक थेंबही घातला नाही. गोळ्या टाकायची, जाळी फिरवायची, पट्टीचा रंग बघायची, तरी ते दिवसेंदिवस गढूळ होत गेलं. रोज काठाशी उभी राहून ते खाली जाताना बघायची.

त्याच दिवसांत तो आवाज सुरू झाला. दुपारी साडेचारला, मी स्वयंपाकघरात असताना, पाण्यात कोणी चालावं तसा. डुब... डुब... सावकाश, दुखऱ्या पायांनी चालल्यासारखा. पहिल्यांदा मी सवयीने चहाचं आधण दोघांचं ठेवलं आणि मग हातातली साखर तशीच राहिली. बाहेर जाऊन पाहिलं तर ताडपत्रीची एक बाजू सुटलेली आणि पाण्यावर एक पान गोल फिरत होतं. पंप बंद होता. वारा असेल. दुसऱ्या दिवशी फरशीवर ओले ठसे दिसले, बघता बघता वाळले. ती माकडं होती. मी स्वतः एकदा त्यांना पाणी पिताना पाहिलं, मोरही यायचे. सगळं कळत होतं मला, मी काही खुळी नाही. पण खरं सांगू? मला माकडं नको होती. भूत होऊन या, पण या, असं मी त्या हौदाला सांगायची. आवाज आला की भीती वाटायची, आणि एखाद्या दिवशी नाही आला की जास्त.

जूनमध्ये मुलगी पुन्हा आली. पाण्याकडे बघून तिने नाकाला ओढणी लावली. "आई, मतलब किती दिवस ठेवणार तू हे? मच्छर होतील, डेंगू होईल."

"होऊ दे."

"बाबांना हे बघवलं असतं का?"

ती रडली, मी नाही. आपण आलो की घरातलं पाणी लवकर संपतं म्हणून तिने टाकीसाठी टँकर सांगितला. सांगितला तर सांगितला, हौदात पाइप सोडलात तर बघा, असा मी दम भरला.

टँकर दुपारी आला. चालक नेहमीचाच, चौमूंकडचा, पिकल्या मिशांचा माणूस. हौद त्यानेच दोन्ही वर्षं भरला होता. पाइप टाकीत सोडून तो हौदाकडे वळला आणि थबकलाच. "अरे रे, ये क्या हाल कर दिया पानी का! साहब कहाँ हैं? देखेंगे तो मुझे डाँटेंगे."

त्याला माहीतच नव्हतं. मुलीने सांगितलं. तो मटकन पायरीवर बसला. कधी, म्हणून विचारलं. मुलीने दिवस सांगितला, तशी त्याने डोक्याला हात लावला. "उसी दिन तो मैं आया था, बहनजी. सुबह सारा पानी निकाल दिया था साहब ने. अंदर उतरके अकेले रगड़ रहे थे, धूप में. मैंने कहा, साफ़ तो है. बोले, नहीं, आज एकदम ताज़ा चाहिए. आज मैडम उतरेंगी."

हे गेले त्याच्या आदल्या दिवशी चहाच्या वेळी मी म्हणाले होते, "तुमच्या पाय धुतलेल्या पाण्यात मी उतरू होय? बरं सुचतं!" काहीतरी बोलायचं म्हणून बोलले. ते हसले, आणि मी कपबश्या उचलून आत गेले. तेवढंच.

म्हणजे ज्या पाण्यासाठी मी महिनाभर उपाशी कुत्रीसारखी राखण करत बसले, त्याला ह्यांचं अंग लागलंच नव्हतं. ते माझं होतं. भर उन्हात, त्या गुडघ्यांनी, वाकून वाकून हौद घासून त्यांनी ते माझ्यासाठी भरून घेतलं होतं. आणि मी डॉक्टरांना सांगितलं, छे हो, घरीच तर होते. चालक काहीतरी बोलत होता. मला एवढंच ऐकू येत होतं की साडेचारला त्या पाण्यात चालणारं कोणी नव्हतं. कधीच नव्हतं.

मी उठले, ताडपत्री ओढून काढली आणि साडीसकट शिडी चढले. मुलगी किंचाळली, "आई, पागल झालीस का? घाण आहे ते!" मी आत पाय टाकला. पाणी पोटरीपर्यंतच उरलं होतं, चहाइतकं गरम, वासाने मळमळावं असं. तळ शेवाळाने निसरडा. काठ घट्ट धरून मी एक पाऊल टाकलं, मग दुसरं. मुलगी बाहेरून माझ्याबरोबर चालत होती, हात पुढे करून, मी पडले तर धरता यावं म्हणून. अशी एक फेरी पुरी केली.

"आले बघा," मी मोठ्याने म्हणाले. "उशीर झाला हो, पण आले."

पाणी डुचमळत होतं. ते माझ्याच पायांनी.